कॉरिनच्या कमरेचं पिस्तूल

मार्च महिन्यातल्या एका सकाळी माझी भाची कॉरिन घरी आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मामा, मला पिस्तूल बाळगायला शिकव. लपवून नाही. कमरेला, उघड."

मी अंडी तळत होतो. गॅस बंद केला आणि तिला आधी खुर्चीवर बसवलं.

तिला नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी स्वतः चाळीस वर्षं कमरेला पिस्तूल लावून गावात हिंडलेला माणूस. खाणीत डंपर दुरुस्त करायचो तेव्हाही, सुटी झाली की पट्टा कमरेला चढायचा. आमच्या कॅल्डर वॉशमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही. अ‍ॅरिझोनाच्या कायद्याला ते चालतं, परवाना लागत नाही. निवृत्त झाल्यापासून तर दर शनिवारी दुपारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर नव्या लोकांना मी सुरक्षिततेचे धडे द्यायचो. मर्ल स्टकीच्या हाताखालून गेला तो माणूस स्वतःच्या पायात गोळी मारून घेणार नाही, असं लोक म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं.

पण कॉरिन ही माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता चौतीस. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. उधळलेल्या घोड्याला सुई टोचताना तिचा हात हलत नाही, हे मी पाहिलंय. त्या सकाळी मात्र कॉफीचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता.

तिचा नवरा डॅरेल. घरांची छपरं घालायचा, कामाला चोख, बोलायला गोड. सहा वर्षांत त्याने तिची एकेक मैत्रीण तोडली, मग फोन तपासायला लागला, आणि शेवटी एका रविवारी ती आत असताना त्याने न्हाणीघराचं दार कुऱ्हाडीने फोडलं. तिला लागलं नाही. ती त्याच दुपारी घर सोडून निघाली. नंतर तो दवाखान्यासमोर पिकअप लावून तासन्‌तास बसायला लागला. तिने कोर्टातून संरक्षणाचा हुकूम मिळवला. तिच्या घराजवळ, कामाच्या जागी, ती असेल तिथे फिरकायचं नाही, आणि जवळची सगळी हत्यारं शेरीफच्या पोलीस कचेरीत जमा करायची. त्याने तीन जमा केली.

"चार होती," कॉरिन म्हणाली. "तीन बंदुका आणि एक छोटं काळं पिस्तूल. तो म्हणतो, ते बंदुकांच्या जत्रेत कुणाला तरी विकलं."

तसं विकायला कागद लागत नाही. त्यामुळे खरं-खोटं करायची सोय नव्हती.

मी तिला माझं मत सांगितलं. बाळगायचंच तर शर्टाखाली बाळग, कुणाला कळायला नको. जे डॅरेलला दिसेल ते सगळ्या गावाला दिसेल. रांगेत तुझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही दिसेल, आणि त्याचा हात तुझ्या कमरेपासून एका वितीवर असेल. शिवाय एकदा का ते उघड लावलं, की तुला चिडायची चोरी. गाडी लावण्यावरून कुणाशी हुज्जत घालायची नाही, दुकानात आवाज चढवायचा नाही. नुसता त्याला हात लागला तरी समोरचा म्हणेल, मला धमकावलं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला ते चालवायचं नाहीये मामा," ती म्हणाली. "मला तो लांब राहायला हवाय. लपवलेलं त्याला दिसणार कसं? आणि भांडणाचं म्हणशील, तर मी सहा वर्षांत कुणाशीच भांडलेली नाही."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरुवात केली.

तिने घेतलं ते मध्यम आकाराचं, पंधरा गोळ्यांचं. मी तिला कडक पट्टा आणि खटक्याचं होल्स्टर घ्यायला लावलं. अंगठ्याने खटका दाबल्याशिवाय पिस्तूल बाहेर येत नाही, असं. पहिले तीन दिवस आम्ही एकही गोळी झाडली नाही. नुसतं भरायचं आणि रिकामं करायचं. ह्या पिस्तुलांचा एक दगा आहे. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं झालं रिकामं, पण एक गोळी नळीत बसलेली असते. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग वरचा भाग मागे ओढून नळीतली गोळी पाडायची, मग डोळ्यांनी बघायचं, आणि डोळ्यांवरही विश्वास न ठेवता करंगळी घालून चाचपायचं. चौथ्या दिवशी तिने उलट केलं. आधी वरचा भाग ओढला, गोळी पाडली, मग मॅगझिन काढलं आणि म्हणाली, रिकामं. मी म्हटलं, वाळूच्या पिंपाकडे धर आणि चाप ओढ. तिने ओढला. आत माझी खोटी गोळी होती, तेव्हा नुसता टक् आवाज झाला. पण खरी असती तर ती उडाली असती, कारण मॅगझिनने दुसरी गोळी वर चढवून ठेवलेली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानंतर ती चूक तिच्या हातून कधी झाली नाही.

त्याहून अवघड शिकवणी हात न लावण्याची. होल्स्टरमध्ये बसलेलं पिस्तूल निमूट असतं. माणसाचे हात निमूट नसतात. कुणी पट्टा वर ओढतो, कुणी कोपर टेकवतो, कुणी आहे ना म्हणून चाचपतो. कॉरिनला पँटच्या मागच्या खिशात हात घालून उभं राहायची सवय होती. मी तिला आठवडाभर घरात रिकामं होल्स्टर लावून भांडी घासायला, कपडे वाळत घालायला लावलं. कुणाशी बोलताना हात पोटापुढे, तळवे दिसतील असे. कुणी अंगावर आलं तर पिस्तुलाची बाजू मागे, दोन्ही हात छातीपर्यंत वर, पाऊल मागे, आणि मोठ्या आवाजात बोलायचं म्हणजे चार लोकांना ऐकू जाईल. पोलीस आले तर हात तसेच ठेवायचे, पिस्तूल कुठे आहे ते तोंडाने सांगायचं आणि काढून दाखवायला जायचं नाही. हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की एकदा ती वैतागून म्हणाली, मामा, झोपेतसुद्धा माझे हात वर असतात.

कुठे न्यायचं नाही, हेही पाठ करावं लागलं. पोस्टात नाही, शाळेच्या आवारात नाही, दारूच्या गुत्त्यात नाही. एखाद्या दुकानदाराने दारावर पाटी लावली असेल तर तिथेही नाही. मग गाडीत परत जायचं, पट्ट्यावरून होल्स्टर अख्खं काढायचं, पिस्तूल त्यातून बाहेर न काढता तसंच आसनाखालच्या पेटीत ठेवायचं आणि कुलूप लावायचं. अशा काढघालीतच जास्त अपघात होतात. तिने ह्या जागांची यादी करून फ्रिजवर चिकटवली होती.

एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा ते लावून गावात आली. मी सोबत होतो. सकाळी दहाची वेळ. हार्डवेअरच्या दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत आम्ही चालत गेलो. माझ्या कमरेकडे कुणी पाहिलं नाही. गावाने ते इतकी वर्षं पाहिलेलं. तिच्याकडे मात्र सगळे बघत होते. मांजरांची पिल्लं छापलेला तिचा दवाखान्याचा सदरा आणि त्याखाली ते काळं पिस्तूल. बघून सगळे मान फिरवायचे, कारण प्रकरण काय आहे ते गावाला माहीत होतं.

आम्ही नाश्त्याला बसलो तेव्हा वाढणारी फेलीन कॉफी ओतता ओतता मला म्हणाली, "मर्ल, आज दोघं दोघं? आमच्या धिरड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" मी हसलो. कॉरिनही हसली, पण तिने खुर्ची बदलून भिंतीकडे पाठ केली आणि सगळा वेळ दाराकडे बघत खाल्लं. निम्मं ताटातच राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात ती एकटी किराणा आणायला गेली. पैसे द्यायच्या रांगेत तिच्या मागे एक बाई होती आणि तिच्या ढकलगाडीत वर्षाचं बाळ. बाळाने हात लांब करून होल्स्टरला बोटं लावली. कॉरिन गर्रकन वळली. बाईने बाळाला उचलून छातीशी घेतलं आणि सामान तिथेच टाकून दुसऱ्या रांगेत गेली. कॉरिनने गाडीतून मला फोन केला तेव्हा ती रडत होती. ती बाई मला घाबरली मामा, म्हणाली. डॅरेलला बघून मी जशी होते, तशी ती मला बघून झाली.

मी म्हटलं, काढून टाक मग. ती म्हणाली, नाही. आणि थोड्या वेळाने म्हणाली की आज तो पेट्रोल पंपावर होता, रस्त्याच्या पलीकडे. त्याने पिस्तूल पाहिलं.

मी विचारलं, मग?

"हसला," ती म्हणाली.

तो चिडला असता, शिवी दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी तिच्या येण्याजाण्याच्या वेळांप्रमाणे स्वतःच्या वेळा ठरवल्या. ती दवाखान्यातून निघायची तेव्हा मी समोरच्या दुकानात काहीतरी खरेदी करत असायचो. घरात माझ्याकडे अठरा डबे तारेचे खिळे जमले. डॅरेल अधूनमधून दिसायचा, नेहमी हुकुमाच्या सीमेबाहेर, पिकअपची काच खाली करून, गाडी हळू करून. शेरीफच्या कचेरीत सांगितलं तर ते म्हणाले, रस्त्याने जातोय त्याला काय करणार. आणि ते चौथं पिस्तूल. त्याचा विचार मी दिवसातून कितीदा करायचो ते सांगायची सोय नाही.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी अकराच्या सुमाराला आम्ही ग्लेनिस पॅरिशच्या पशुखाद्याच्या दुकानात होतो. ग्लेनिस माझ्याच वयाची, नवरा गेल्यावर दुकान एकटी चालवते. कॉरिन दवाखान्यासाठी घोड्यांचं खाद्य घ्यायला आली होती, मी कोंबड्यांचं. ती पोत्यांच्या थप्पीजवळ चिठ्ठी वाचत होती. मी दहा पावलांवर, जनावरांना चाटायला मिठाचे ठोकळे ठेवतात त्या कोपऱ्यात. ग्लेनिस गल्ल्यावर. बाकी दुकानात कुणी नव्हतं.

डॅरेल मागच्या, माल उतरवायच्या दाराने आत आला.

पहिल्यांदा मला त्याचं जाकीट दिसलं. बाहेर ऊन तापलेलं आणि ह्याच्या अंगात जाकीट. डाव्या हातात फोन, छातीसमोर उभा धरलेला. उजवा हात जाकिटाच्या खिशात, मनगटापर्यंत आत.

तो कॉरिनपासून चार-पाच पावलांवर येऊन थांबला. तिने मान वर केली. तिच्या हातातली चिठ्ठी खाली पडली, आणि मग मी शिकवलेलं सगळं तिच्या अंगातून आपोआप घडत गेलं. उजवी बाजू पोत्यांकडे वळली, दोन्ही हात छातीपर्यंत वर आले, तळवे उघडे, एक पाऊल मागे, मग दुसरं. आवाज थोडा कापत होता पण मोठा होता.

"डॅरेल, तुला इथं यायला कोर्टाची मनाई आहे. ग्लेनिस, पोलिसांना फोन करा. डॅरेल, तुला मनाई आहे."

डॅरेल अगदी हळू बोलत होता, लाडीगोडीने, जसा लग्नाच्या जेवणात बोलला होता. "काढ ना," तो म्हणाला. "शोभेला लावलंयस का कमरेला? काढ. बघू तरी."

खिशातला हात जागचा हलत नव्हता. मी त्या खिशाकडे बघत होतो. दुकानातलं दुसरं काही मला दिसत नव्हतं. छोटं काळं पिस्तूल जत्रेत विकलेलं नाही, ते ह्या खिशात आहे, हे मला स्वतःचं नाव माहीत असावं तितकं पक्कं माहीत होतं.

आणि तेवढ्यात कॉरिन, डॅरेलवरची नजर न काढता, म्हणाली, "मामा, हात."

मला कळेचना, कुणाचा हात. मग खाली पाहिलं. माझा उजवा हात माझ्या पिस्तुलाच्या मुठीवर होता. अंगठ्याने खटका दाबून झालेला होता. खटक्याचा तो बारीक आवाज मला ऐकू आला नव्हता, तिला आला होता. शेकडो लोकांना मी शिकवलं होतं की होल्स्टरला हात म्हणजे अर्धी गोळी झाडल्यासारखं. माझा हात तिथे कधी गेला ते मला आजही आठवत नाही.

"मामा, हात काढ," ती पुन्हा म्हणाली.

मी हात काढला. आयुष्यात मी डंपरखाली अडकलो आहे, बहिणीला हॉस्पिटलात शेवटचं पाहिलं आहे, पण त्या मुठीवरून बोटं सोडवण्याइतकं जड काही केलेलं नाही. कारण तो खिसा अजून तसाच होता. बोटं सोडली आणि मी मनात म्हटलं, आता तिला लागली तर ती माझ्यामुळे.

डॅरेलचा फोन क्षणभर माझ्याकडे वळला होता आणि पुन्हा तिच्याकडे गेला. तेव्हा मला उमगलं की तो चित्रण करतोय. त्याला तिचा हात पिस्तुलाला लागलेला हवा होता. एवढ्यासाठीच तो आला होता. ते मिळालं असतं तर कोर्टात उलटी गोष्ट सांगता आली असती, की धोका मला तिच्यापासून आहे.

ग्लेनिस पोलिसांशी फोनवर बोलत होती. तिचं डोकं माझ्यापेक्षा थंड होतं. ती पलीकडच्या बाईला सांगत होती की दुकानात दोघांच्या कमरेला पिस्तुलं आहेत, एक मांजराच्या सदऱ्यातली बाई आणि एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा, ती होल्स्टरमध्येच आहेत, आणि जाकीटवाल्याचा हात खिशात आहे. हे तिने तीनदा सांगितलं.

पोलीस यायला सात मिनिटं लागली. डॅरेल पळाला नाही. त्याला पोलीस यायलाच हवे होते. कॉरिनचे हात त्या सात मिनिटांत एकदाही खाली आले नाहीत. तो मधूनमधून बोलत होता, तिच्या आईबद्दल एक गोष्ट बोलला, ती इथे सांगत नाही. कॉरिन दर वेळी तेच एक वाक्य म्हणायची: तुला मनाई आहे.

शेरीफचा डेप्युटी रुबेन एस्कालांटे पुढच्या दाराने आला, पिस्तूल हातात, नळी जमिनीकडे. अठराव्या वर्षी हा मुलगा माझ्याकडून पहिला धडा शिकला होता. त्या दिवशी त्याने माझ्याकडे ओळखीने पाहिलं नाही. पाहायलाही नको होतं.

"सगळ्यांचे हात दिसू देत," तो म्हणाला. "जाकीटवाले, तुम्ही पण. हळू."

डॅरेलने हात खिशातून काढला. हातात काही नव्हतं. नंतर खिसा उलटा करून पाहिला तेव्हा त्यातही काही निघालं नाही. नुसता हात होता.

लगेच तो बोलायला लागला की ह्यांनी माझ्यावर पिस्तूल रोखलं, सगळं फोनमध्ये आहे. रुबेनने त्याला गप्प केलं आणि कॉरिनकडे वळला. ती म्हणाली, "माझ्या उजव्या कमरेला पिस्तूल आहे. नळीत गोळी आहे. मी त्याला हात लावणार नाही. तुम्ही काढून घ्या." तिचा आवाज आता अजिबात कापत नव्हता.

रुबेनच्या जोडीदाराने तिचं होल्स्टर अख्खं पट्ट्यावरून उतरवलं. मग रुबेन माझ्याकडे आला. माझ्या कमरेशी वाकला आणि थबकला.

"मिस्टर स्टकी, खटका उघडा आहे," तो हळूच म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "मी उघडला."

त्याने वर पाहिलं तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. मला त्याच्याकडून बोलणी खाल्लेली परवडली असती.

डॅरेलला कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल तिथून बेड्या घालून नेलं. आमची पिस्तुलं दोन दिवसांनी परत मिळाली. मी माझं कपाटात ठेवलं आणि चार दिवस त्या कपाटाकडे गेलो नाही.

जूनमध्ये सुनावणी झाली. कोर्टाच्या दाराशी कॉरिनने आपलं पिस्तूल कुलपाच्या कप्प्यात जमा केलं, किल्ली घेतली, आणि मग आम्हाला त्याच दालनात, डॅरेलपासून तीन बाकं सोडून बसायचं होतं. तिने माझी बाही धरून ठेवली होती. त्याच्या वकिलाने ते चित्रण लावलं. पडद्यावर कॉरिन दिसत होती, वर केलेल्या हातांची, मागे सरकणारी. मग फोन वळला आणि पोत्यांच्या फटीतून मी दिसलो. वकिलाने तिथे चित्र थांबवलं. भिंतभर मोठा झालेला माझा हात, पिस्तुलाच्या मुठीवर. एखाद्या अनोळखी, घाबरलेल्या म्हाताऱ्याचा असावा तसा.

न्यायाधीश बाईंनी मला उभं केलं. त्यांनी विचारलं की तुम्ही पिस्तूल काढणार होतात का.

आमच्या वकिलाने मला आधी सांगून ठेवलं होतं की नाही म्हणा, स्पष्ट नाही म्हणा. मी कॉरिनकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तिने सांगितलं म्हणून हात निघाला. ती बोलली नसती तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही."

बाईंनी वकिलाला चित्र पुढे चालवायला सांगितलं, आणि मग सगळ्यांनी ऐकलं, तिचा आवाज: मामा, हात काढ.

हुकूम कायम राहिला, मुदत वाढली. डॅरेलला तीस दिवस तुरुंग आणि वर तीन वर्षं देखरेख मिळाली. सुटल्यावर तो नेवाडात भावाकडे गेला असं कळलं. चौथ्या पिस्तुलाचा पत्ता कुणाला लागला नाही. खरंच जत्रेत विकलं असेल.

मैदानावरच्या मंडळींना मी स्वतः सगळं सांगितलं आणि शनिवारचे धडे सोडले. त्यांनी मला खूप समजावलं. काढलं तर नाहीस ना, म्हणाले. एक जण म्हणाला, मी असतो तर काढून दोन घातल्या असत्या, आणि चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी घरी निघून आलो. खिशात नुसता हात होता, हे त्याला आता माहीत होतं, तरी तो ते म्हणाला. आणि मला अजून एक सांगायला हवं: खिशात खरंच पिस्तूल असतं तर आज मी ही गोष्ट उलटी सांगितली असती, आणि लोकांनी माझं ऐकलं असतं. ह्या दोन्हींत माझा काही हात नव्हता. मी नेहमीसारखा कोंबड्यांचं खाद्य आणायला गेलो होतो.

आता गावात जाताना मी पिस्तूल लावत नाही. कंबर हलकी वाटते. चालताना उजवं कोपर अजून बाहेर असतं, नसलेल्या पिस्तुलाला जागा करून. फेलीन म्हणाली, मर्ल, तू कोंबडा दिसतोस असा.

कॉरिन मात्र लावते. गेल्या महिन्यात ती उत्तरेकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला गेली. तिथे इमारतीत पिस्तूल चालत नाही, तेव्हा ते दिवसभर गाडीतच असतं. ती रविवारी फोन करते. परवा मी विचारलं, रोज लावतेस का. ती म्हणाली, काही दिवस लावते, काही दिवस नाही. लावलं की सगळे माझ्याकडे बघतात असं वाटतं, नाही लावलं की तो बघतोय असं वाटतं.

मग म्हणाली की शनिवारी दवाखान्यातल्या बायकांबरोबर ती तळ्यावर पोहायला गेली होती. पिस्तूल घरी ठेवून. दोन तास पाण्यात होती. पहिला तासभर तिचं लक्ष गाड्या लावायच्या जागेकडेच होतं, कुठली पिकअप आली, कुठली गेली.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर दिसेनासं झालं," ती म्हणाली. "मी फार आत गेले होते, मामा."

पाणी गार होतं का, असं काहीतरी मी विचारलं. ती म्हणाली, फार गार, सुरुवातीला दम लागतो, मग काही वाटत नाही. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. मलाही ये म्हणाली, पण मला पोहता येत नाही.